इन्फ्लुएंझा ए एनपी अँटिबॉडी, माउस मोनोक्लोनल : माल एक नंबर, पार्सल बेक्कार

संभाजीनगरच्या आमच्या लॅबमधे ही अँटिबॉडी, म्हणजे फ्लू ए व्हायरसच्या एका प्रोटीनला नेमकं चिकटणारं प्रोटीन, मागच्या उन्हाळ्यापासून वापरायलोत. अँटिबॉडीला साडेचार स्टार, डिलिव्हरीला एक, तो पण पोरगा तीन मजले चढून आला म्हणून.

आधी हे सांगते की फ्लूचा ए टाइप नुसता आहे का नाही एवढंच बघायचं असेल तर एनपी म्हणजे न्यूक्लिओप्रोटीनचीच (व्हायरसच्या आतलं, आरएनएला धरून असणारं प्रोटीन) घ्या, एचए च्या (व्हायरसच्या बाहेरच्या बाजूचं प्रोटीन) नादी लागू नका. एचए सारखं बदलत राहतं, एका स्ट्रेनला लागली म्हणून दुसऱ्याला लागंल याची काय गॅरंटी नाही, एनपी मात्र ए टाइपमधे बऱ्यापैकी सारखंच राहतं. आम्ही १९३४ चा जुना पीआर८ स्ट्रेन आणि २००९ च्या स्वाइन फ्लूवाला एच१एन१, दोन्हीवर लावून बघितली, दोन्हीकडं मस्त चालली. बी टाइपवर काहीच येत नाही, आणि येऊही नये.

खरी मजा इम्युनोफ्लुरोसन्समधे, म्हणजे अँटिबॉडी जिथं चिकटली तिथं चमकणारा रंग मायक्रोस्कोपखाली बघायचा. इन्फेक्ट करून फिक्स केलेल्या एमडीसीके सेल्सच्या (कुत्र्याच्या किडनीच्या पेशी) कव्हरस्लिप्स आम्हाला पुण्याहून येतात. सुरुवातीच्या तासांच्या स्लाइडवर हिरवा सिग्नल बरोब्बर डॅपीच्या (डीएनएला लागणारा रंग) निळ्यावर, म्हणजे न्यूक्लियसमधेच, आणि नंतरच्या स्लाइडवर तोच सगळा सायटोप्लाझममधे पसरलेला. बहुतेक आरएनए व्हायरस न्यूक्लियसकडं फिरकत पण नाहीत, हा पठ्ठ्या मात्र तिथंच कॉप्या काढतो, ते असं डोळ्यानं दिसतं. इन्फेक्ट न केलेली स्लाइड एकदम काळी. आमचे सर खुर्चीवरून उठंनात.

काही जण सिग्नलच येत नाही म्हणून बोंबलायलेत. ट्रायटॉन (डिटर्जंट) मारलं का भाऊ? एनपी सेलच्या आत असतं, भोकं पाडल्याशिवाय अँटिबॉडी आत जाणार कशी.

वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून शोधायची टेस्ट) ५६ केडीएच्या (किलोडाल्टन) आसपास एकच बँड, स्वच्छ. डेटाशीटवर १:५०० एवढी पातळ करा असं लिहिलंय, ते कामून लिहिलंय देव जाणे, ५ टक्के दुधात १:२००० ला आरामात निघतो, आणि शंभर मायक्रोलिटरच्या शिशीची किंमत बघता हा फरक लई मोठा आहे. आधीची रॅबिट पॉलिक्लोनल (सशाची, बऱ्याच अँटिबॉडींचं मिश्रण; मोनोक्लोनल म्हणजे एकाच प्रकारची) स्वस्त होती पण नुसते फालतू बँड, आणि नवा लॉट आला की पुन्हा पहिल्यापासून सेटिंग.

आता पार्सल. मे महिना, बाहेर बेचाळीस, आणि डबा शनिवार-रविवार कुरिअरच्या गोडाऊनला पडून. उघडला तर जेल पॅक आंघोळीच्या पाण्यासारखे कोमट. डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर म्हणे, 'अँटिबॉडीला दोन दिवसानं काय होत नाही मॅडम, चालवून बघा.' चालली, ते सोडा. पण नसती चालली तर ग्रँटचे पैसे कोण देणार होतं? वर वीस मायक्रोलिटरचा ट्रायल पॅक मागितला तर तो पण नाही.

म्हणून इकडून मागवणाऱ्यांनी डिस्पॅच सोमवारीच करा असं पीओवरच (खरेदीची ऑर्डर) लिहून घ्या. आल्याबरोबर छोटे अॅलिकॉट (वाटे) करून उणे वीसला टाका, यात ५० टक्के ग्लिसरॉल आहे त्यामुळं गोठत नाही, पिपेटनं थेट काढता येतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मात्र नको, तो बर्फ वितळवायला आतल्या आत गरम होत राहतो. आमची पुढची ऑर्डर आता दिवाळीनंतरच, अन् दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून.