फ्लाइट सिम्युलेटरसाठी पीसी: आधी कार्ड घेतलं, तिथेच चुकलं

आठ महिन्यांपूर्वी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या नादाने १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर नेली आणि एका छोट्या धावपट्टीवरून सेसना १७२ हे छोटं विमान उडवलं. ढग, डोंगर, सगळं लोण्यासारखं. मग ए३२० हे प्रवासी विमान घेऊन एका मोठ्या विमानतळावर उतरायला गेलो. जमिनीपासूनची उंची फुटांत सांगणारं ‘फिफ्टी, फॉर्टी, थर्टी’ ऐकू आलं आणि चित्र गोठलं. पुन्हा हललं तोवर चाकं आपटली होती. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं वर उचलणं, राहूनच गेलं.

डेव्हलपर मोडमधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात) काउंटर उघडला, तर त्यात ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’. कार्ड बिचारं ४५ टक्क्यांवर निवांत बसलेलं. खात्री करायला रिझोल्यूशन १४४० वरून १०८० केलं, तरी एफपीएस जागचे हलले नाहीत. तुमच्याकडेही असंच होत असेल तर कार्डाला दोष देऊ नका, अडथळा प्रोसेसरचा आहे. टास्क मॅनेजर मात्र इथे फसवतो: माझा सहा कोअरचा जुना प्रोसेसर एकूण ३५ टक्केच दाखवत होता. पण सिमच्या कामाचा मोठा भार एका मुख्य थ्रेडवर पडतो. तो ज्या कोअरवर चालतो त्याची दमछाक झाली की बाकीचे कोअर मोकळे असून उपयोग नसतो.

मदरबोर्डवरची प्रोसेसरची खाच एएम४ सॉकेटची होती, म्हणून बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून तिथे बसणारा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला. साध्या ५८००एक्सपेक्षा याचा कमाल वेग कमीच आहे, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. पण एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, ३२ च्या जागी ९६ एमबी, आणि सिमला तीच मानवते. त्याच विमानतळावर, त्याच सेटिंगला २२ वरून ३८ एफपीएस. तापतो मात्र भरपूर; जुना कूलर आठवडाभरात बदलावा लागला.

रॅमची गोष्ट सांगायला लाज वाटते. ३२ जीबी, ३२०० वेगाची किट घेतली होती, आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू न केल्याने ती दोन महिने २१३३ वरच चालली. तुमची आजच तपासा.

एफपीएसच्या आकड्यामागे धावणं मी सोडलं. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० ची मर्यादा घातली की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, ३३.३ मिलिसेकंदांनी पुढची. ३५ ते ५० मध्ये नाचणाऱ्या आकड्यापेक्षा हे डोळ्यांना कितीतरी बरं. शूटिंग गेम खेळणाऱ्यांना पटणार नाही, पण विमान वळवताना फरक कळतो. टेरेन एलओडी (जमीन किती तपशिलात दिसते ते) २०० वरून १२० वर आणला आणि विमानतळावरची एआय वाहतूक, म्हणजे सिम स्वतः चालवतं ती, निम्मी केली. प्रोसेसरला खरा दिलासा याच दोन स्लायडरनी मिळाला. फ्रेम जनरेशनने (खऱ्या फ्रेमच्या मधे बनवलेल्या फ्रेम घालून) आकडा फुगतो, पण कॉकपिटच्या डिस्प्लेवरचे अंक फिरताना धूसर दिसायला लागले, म्हणून बंद ठेवलंय.

१२ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) पुरेल असं वाटलं होतं. बहुतेक वेळा पुरतो. पण ४के टेक्स्चरची (पृष्ठभागांवरच्या बारीक चित्रांची) विमानं आणि भारी सीनरी एकत्र आली की तो भरतो, आणि मग एफपीएस हळूहळू उतरत नाही, धाडकन १० वर येतो. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणल्यापासून तसं झालेलं नाही. एनव्हीएमई एसएसडीमुळे लोडिंगची वाट कमी बघावी लागते, उडताना मला काही फरक जाणवला नाही.

एक त्रास हार्डवेअरचा वाटला आणि निघाला विंडोजचा. दोन तासांच्या उड्डाणात यूएसबीला जोडलेला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मधेच मरायचा. केबल बदलली, पोर्ट बदलले, काही नाही. शेवटी पॉवर ऑप्शन्समधलं, वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवणारं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. तेव्हापासून एकदाही तुटला नाही.

आता सिमची २०२४ ची आवृत्ती पण टाकलीय. तिच्या आदर्श स्पेसिफिकेशनमध्ये ६४ जीबी रॅम आहे. मी अजून ३२ वरच आहे, उड्डाणाआधी ब्राउझर बंद करतो.