शेळीला फ्रॉइंड द्यायचं की मॉन्टनाइड?

महापे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत शेळीच्या रक्तापासून अँटीबॉडी तयार होतात. त्यासाठी शेळीला एखादं प्रथिन टोचायचं, आणि तिच्या शरीराने जोरात प्रतिसाद द्यावा म्हणून त्यात ॲडज्युवंट, म्हणजे प्रतिसाद वाढवणारं द्रव्य, मिसळायचं. फ्रॉइंड आणि मॉन्टनाइड ही अशीच दोन ॲडज्युवंट. प्रत्येक नव्या प्रथिनाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

फ्रॉइंडचं कम्प्लीट ॲडज्युवंट म्हणजे खनिज तेल आणि त्यात मारलेले क्षयाचे जंतू. दोन काचेच्या सिरिंज जोडून प्रथिनाचं द्रावण आणि तेल इकडून तिकडे ढकलत राहायचं, अंगठे भरून येईपर्यंत. मग वाटीभर थंड पाण्यात एक थेंब टाकायचा. तो पसरला नाही, गोल गोळी होऊन राहिला, की इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, जमलं. प्रथिन कमी असेल तेव्हा याच्याइतका जोर दुसऱ्या कशालाच नाही. पण शेळीची किंमत मोजावी लागते. गाठी येतात, कधी त्या फुटून वाहतात. म्हणून हा डोस एकदाच, थोडा थोडा चार-पाच जागी, आणि पुढचे बूस्टर जंतू नसलेल्या इनकम्प्लीटचे. मागच्या पावसाळ्यात एका शेळीच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली. रोज जखम धुताना ती अंग चोरायची, ते मला अजून आठवतं. शिवाय सुई आपल्याच बोटात गेली तर तिथेही तशीच गाठ होऊ शकते.

मॉन्टनाइड आयएसए २०६ लाळ्या-खुरकुताच्या लशीत वापरतात. त्यात जंतू नाहीत, पातळ असल्याने टोचायला सोपं. टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण, कधी जरा कमी येतो, तेव्हा एखादा बूस्टर जास्त द्यावा लागतो.

प्रथिन पुरेसं असेल तर मी मॉन्टनाइडच घेते.