स्टिकरखाली दुसरी तारीख होती

244 कॅप्सूल. रोज 4 प्रमाणे 61 दिवस मी नासलेलं माशाचं तेल गिळत होते, तेही वेळ न चुकवता, जेवणानंतर. हे लिहिताना आजही डोकं तापतं आणि लाजही वाटते. तरी लिहितेय, कारण हीच डबी तुमच्यापैकी कुणाच्या तरी बॅगेत असणार.

आधीच सांगते, मी लेबल न वाचता काही घेणारी नाही. पाच वर्षं वेटलिफ्टिंग करतेय. पुढे छापलेल्या '1000 मिलिग्रॅम फिश ऑइल'ला काही अर्थ नसतो, मागे ईपीए आणि डीएचए (तेलातले कामाचे ओमेगा-3 घटक) वेगवेगळे किती ते बघायचं, हे मला ठाऊक होतं. साध्या तेलाच्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण 180 ईपीए आणि 120 डीएचए, म्हणजे 300 कामाचं आणि बाकी नुसती चरबी. माझ्या डबीवर 360 आणि 240 लिहिलं होतं. 600! कॉन्सन्ट्रेटेड तेल म्हणून मी खूश होते. लेबलच खोटं असेल हे कुणाच्या मनात येणार?

आणि माल दिला कोणी, तर आमच्या जिममधल्या सरांनी. ज्या माणसाच्या भरवशावर मी वजनाच्या बारखाली जाते, त्याच माणसाने. "थेट आयात करणाऱ्याकडून मिळतं, तुझ्यासाठी 4 डब्या बाजूला काढून ठेवल्यात," म्हणाले. सोबत 2-2 किलोचे व्हे प्रोटीनचे दोन डबे. बिल मागितलं तर "अगं, आपल्यात बिल कसलं?" यावर मी गप्प बसले. ज्याने स्नॅच, म्हणजे एका दमात वजन डोक्यावर उचलणं, शिकवला त्याच्याकडे बिलासाठी हट्ट धरायला जीभ रेटत नाही. तुमची रेटत असेल तर धरा. बिल नसेल तर पुढे तुमचं कुणीही ऐकून घेत नाही, ते खाली येईलच.

माझा संशय घालवायला सरांनी एक कॅप्सूल टोचून थर्माकोलच्या तुकड्यावर पिळली. थर्माकोल विरघळला नाही. "बघ, असली." मी मान डोलावली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की थर्माकोल इथिल एस्टर प्रकारच्या तेलाने विरघळतो, आणि बाजारातली बरीच कॉन्सन्ट्रेटेड तेलं, अगदी चांगलीसुद्धा, त्याच प्रकारची असतात. न विरघळणारं तेल ट्रायग्लिसराइड असतं, आणि साधं, स्वस्त, 300 वालं तेल तसंच असतं. म्हणजे स्वस्त तेल या चाचणीत हमखास पास होणार! तेल ताजं आहे की नाही हे तर त्यातून कळतच नाही.

आता तो क्षण, जो आठवला की झोप उडते. दुसऱ्याच दिवशी डबी उघडताना अंगठ्याला बुडाशी काहीतरी लागलं. बॅच नंबर आणि तारखेचा छोटा पांढरा स्टिकर, त्याची एक कड किंचित उचललेली. डबीवर बाकी सगळं थेट छापलेलं, तारीख तेवढी चिकटवलेली. मी काय केलं? नखाने ती कड दाबून बसवली. नीट चिकटावी म्हणून! त्याच नखाने उलट ओढली असती तर 4 डब्या त्याच दिवशी परत गेल्या असत्या.

वासही होता. जुन्या ऑइल पेंटसारखा, घशात रेंगाळणारा. ढेकर आली की तोच. सरांना सांगितलं तर म्हणाले, "माशाचं तेल आहे, गुलाबाचा वास येईल का?" पण चांगल्या तेलाला समुद्राचा हलका वास येतो, रंगाचा येत नाही. एक कॅप्सूल चावून बघा, दहा सेकंदांत समजतं. लिंबू-संत्र्याचा फ्लेव्हर असेल तर जास्तच सावध राहा, त्याखाली वास दडपला जातो.

61 व्या दिवशी स्टिकर आपोआप सुटला. खालची तारीख 14 महिने आधीच संपलेली होती.

मग मी पदरमोड करून खाजगी लॅबमध्ये तेल तपासलं. तेल किती नासलंय हे दोन आकड्यांवरून कळतं: पेरॉक्साइड 9, ॲनिसिडिन 41. या धंद्यातल्या लोकांनी स्वतःच ठरवून घेतलेल्या मर्यादा 5 आणि 20 आहेत. पेरॉक्साइड दुप्पट करून त्यात ॲनिसिडिन मिळवायचं, तो टोटॉक्स, म्हणजे एकूण नासलेपणा. मर्यादा 26, माझं तेल 59. फक्त पेरॉक्साइडचा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तेल फारच जुनं झालं की तो आकडा उलट खाली येतो. ईपीए-डीएचए मिळून 600 च्या जागी 284 निघाले. 61 दिवसांत पोटात 146 ग्रॅम जायला हवे होते, गेले 69.

प्रोटीनचं थोडक्यात सांगते. घटकांच्या यादीत ग्लायसीन आणि टॉरीन होतं. साध्या चाचणीत नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीन काढतात, त्यामुळे अशी स्वस्त अमिनो ॲसिडं मिसळली की आकडा फुगतो. हे तर उघड छापलेलं होतं आणि मी ते वाचलं नाही. ही चूक पूर्णपणे माझी.

आणि तक्रार! पहिल्या खिडकीवर विचारलं, बिल कुठंय? नाही म्हटल्यावर अर्जच घेईनात. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, उघडलेली डबी नमुना म्हणून चालत नाही. बरं, माझ्याकडे एक सीलबंद होती, ती पुढे केली. तर म्हणे नमुना आमचा माणूस दुकानातूनच उचलतो, दुकानाचा पत्ता द्या. दुकान नाही, जिममध्ये विकतात, म्हटलं. मग तो आमचा विषय नाही! लॅबचा रिपोर्ट त्यांनी उलटूनसुद्धा पाहिला नाही. कंपनीला लिहिलं, अकरा दिवसांनी दोन ओळी आल्या: हा बॅच नंबर आमचा नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. सात फेऱ्या, तीन अर्ज, हातात एक पोच. एका साहेबांनी तर विचारलं, "तुम्हाला काही झालं का?" म्हणजे मी आजारी पडून यायला हवं होतं! उद्या अशाच डब्यात एखादं उत्तेजक निघालं, तर डोपिंगच्या नियमाप्रमाणे जबाबदार खेळाडूच. फसवलं गेलं म्हणून आपोआप सुटका होत नाही. बंदी माझ्यावर आली असती, सर जिममध्येच राहिले असते.

'बाहेरचा माल' याचाही दबदबा मानू नका. अमेरिकेतसुद्धा 1994 च्या कायद्यापासून सप्लिमेंटला विक्रीआधी सरकारी मंजुरी लागत नाही. स्पर्धेत उतरत असाल तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशा बाहेरून तपासणी करणाऱ्यांचा शिक्का बघा, पण शिक्का कुणीही छापू शकतो. त्यांच्याच साइटवर जाऊन ते उत्पादन आणि बॅच शोधा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलेलं काहीही घेऊ नका, आत कशाचं किती ते लपवायलाच तो शब्द असतो.

मी जिम बदलली. परवा उरलेलं सामान आणायला जुन्या जिममध्ये गेले, तर नव्याने आलेल्या एका मुलाच्या बाकावर तीच डबी. सर समोरच उभे होते. मी त्या मुलाला म्हटलं, डबी उलटी कर आणि तारखेवरून अंगठा फिरव. त्याने फिरवला, आणि मग नखाने ओढलं.