वेंटवर्थ वुडहाउस: लग्न झालं तरी आम्ही जातोच आहोत

वेंटवर्थ वुडहाउस म्हणजे इंग्लंडात यॉर्कशरमधला उमरावांचा जुना, अवाढव्य वाडा; आता तो लग्नांसाठी भाड्यानं मिळतो. मार्चमध्ये भाचीच्या लग्नासाठी जागा बघायला म्हणून आम्ही शेफिल्डहून इथं आलो. लग्न सप्टेंबरात पार पडलं. तरी माझ्या खेपा चालूच आहेत. आठ महिन्यांत नऊ झाल्या.

पूर्वेकडचा दर्शनी भाग पाहून ताई म्हणाली, "अगं, हे संपतच नाही!" लांबी ६०६ फूट. मागं गेलात तर विटांचं, निराळ्याच घडणीचं दुसरं घर. अठराव्या शतकात दोन्ही पाठीला पाठ लावून उभी राहिली. वयस्कर पाहुणे असतील तर गाडी कुठवर येते, हे आधी विचारा. होमाचं आणि अक्षतांचं काय, तेही लेखी घ्या.

आम्ही अंतरपाट धरला मार्बल सलूनमध्ये. दालन दोन मजले उंच. मंगलाष्टकं वरच्या सज्जापर्यंत जाऊन घुमत खाली येत होती. मामांनी माइक बंद करायला लावला ते फार बरं केलं. सजावटवाल्यानं खांब प्लास्टिकच्या फुलांनी झाकायचा घाट घातला होता, तो मी हाणून पाडला.

पण मला पुन्हा पुन्हा ओढून नेते ती समोरची जमीन. इथले धनी आधी ‘रॉकिंगहॅमचे मार्क्विस’ ही पदवी असलेले उमराव (त्यांतला दुसरा १७६५ आणि १७८२ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला), मग फिट्झविल्यम घराणं. त्यांची श्रीमंती कोळशाची. १९४६ मध्ये सरकारनं उघड्या खाणीसाठी ही बाग थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत खणली, झाडं उपटली, मातीचे डोंगर रचले. विरोधाला उभे राहिले ते यॉर्कशरच्या खाणकामगारांचे पुढारी! उमरावाच्या बागेसाठी संपाची भाषा. मला आधी खरं वाटेना. पण त्या कामगारांना ती बाग आपलीच वाटत होती. खाणकाम थांबलं नाही. पुढं तीसेक वर्षं इथं मुलींचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज होतं. २०१७ मध्ये जतनासाठी स्थापन झालेल्या न्यासानं वास्तू ७० लाख पौंडांना घेतली, तेव्हा छत गळत होतं. आपण भरतो त्या भाड्याचा या डागडुजीला हातभार लागतो, म्हणून ते मला जड वाटलं नाही.

आणि एक. त्या पंतप्रधान रॉकिंगहॅमचा सचिव होता एडमंड बर्क, पुढं नावाजलेला खासदार आणि विचारवंत. राघोबादादांचा वकील, म्हणजे दूत, हणमंतराव १७८१ मध्ये इंग्लंडात आला, तेव्हा सोवळं पाळून राहायची त्याची पंचाईत झाली. बर्कनं त्याला बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि तिथलं मोठं काचघर स्वयंपाकाला, स्नानाला मोकळं करून दिलं. पंगतीत हे सांगितलं तर मामांचा घास हातातच राहिला. इथंही एक जुनं काचघर आहे, कॅमेलिया हाउस. नीट दुरुस्त केलंय, आत चहा मिळतो. वसंताच्या तोंडाशी कॅमेलिया फुलतील, तेव्हा मामा-मामींना तिथं घेऊन जाणार आहे.