खिंडसीत शीड कधी उघडायचं, सकाळी का दुपारी?

रामटेकजवळचा खिंडसी तलाव, नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. सकाळी सहाला स्पीडबोट एकही नाही, पाणी आरशासारखं, पण वाराही नाही ना भाऊ, शीड वाळत टाकलेल्या लुगड्यासारखं लोंबते आन आपण वल्ही मारत बसतो.

दुपारी वारा मस्त, पण रविवारी पर्यटकांच्या बोटी घुर्रर्र करत एकदम जवळून जातात, लाट आडवी बसली की बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) धाडकन इकडून तिकडे, डोकं सांभाळा! बोटीचं नाक लाटेकडे तिरपं वळवलं तर निभते. समुद्रावर टक्कर टाळायच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची असते (मागून ओलांडणारे आपण असलो तर मात्र आपणच सरकायचं), पण इथं चालवणाऱ्याला ते माहीत असेल तर शपथ. तरी मी दुपारच घेतो, शक्यतो मंगळवार-बुधवारची.