टो बारवरचा सायकल रॅक: कॅम्पर व्हॅनच्या मागे आठ महिने

गाडी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६, आखूड व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली), इंग्लंडमध्ये नोंदलेली. छत वर उचलणारं, मागचं दार एकसंध आणि वर उघडणारं. रॅक दोन सायकलींचा, टो बॉलवर (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे लावलेल्या टो बारच्या टोकाच्या गोळ्यावर) बसणारा, घडी होणारा आणि मागे कलणारा. रॅकचं स्वतःचं वजन १८ किलो, क्षमता ६० किलो, एका सायकलीला जास्तीत जास्त ३० किलो. वापर मार्च ते ऑक्टोबर, साधारण ४,५०० मैल: वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट आणि एकदा बोटीने फ्रान्स. दोन्ही सायकली बॅटरीवाल्या. रॅकच्या कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. खाली तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक या वर्गातल्या कुठल्याही रॅकला लागू पडतील.

पुण्या-मुंबईकडे डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक ज्यांनी वापरला आहे, त्यांनी तो अनुभव इथे आणू नये. तिथे पट्टा नीट बसला का एवढंच बघायचं असतं. इथे रॅक घेण्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात आणि दोन्ही गाडीच्याच आहेत: टो बारवरची पाटी आणि मागचं दार. दुकानात चर्चा मात्र पट्टे, कुलूप आणि घडीची होते.

आधी पाटी. टो बारच्या आडव्या दांड्यावर धातूची किंवा चिकटवलेली छोटी पाटी असते. तिच्यावर ‘डी’ आणि ‘एस’ अशी दोन मूल्यं असतात. डी ओढण्याच्या जोराचं. एस म्हणजे बॉलवर सरळ खाली किती किलो टेकवता येतात. रॅक आणि सायकली मिळून या आकड्याच्या आत बसायला हव्यात. एस ७५ असेल आणि रॅक १८ किलोचा असेल तर सायकलींना उरतात ५७ किलो. मग खोक्यावर ६० छापलेलं असलं तरी तुमच्यासाठी ५७च. एस ५० निघाला तर ३२ उरतात, म्हणजे दोन ई-सायकलींचा विषय तिथेच संपला. पाटी चिखलाने भरलेली असते, तेव्हा ब्रश आणि टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं लागतं. जुन्या व्हॅनला आधीच्या मालकाने बाहेरून टो बार बसवून घेतलेला असेल तर हे काम टाळूच नका.

सायकलींचं वजन कॅटलॉगमधून घेऊ नका. त्यात स्टँड, मडगार्ड, कॅरियर, कुलूप धरलेलं नसतं. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर सायकल उचलून उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. इथल्या दोन सायकली २५.५ आणि २३ किलो भरल्या. बॅटऱ्या काढल्यावर २२ आणि २०.३. म्हणजे रॅकसकट ६० किलोच्या थोडं वर. बॅटरी काढून गाडीत ठेवण्याचं कारण फक्त वजन नाही. पावसात मागून उडणारं पाणी थेट तिच्यावर बसतं, आणि चोराला सायकलीइतकाच तिच्यातही रस असतो. बॅटरीची उघडी खाच झाकायला निओप्रीनचं झाकण मिळतं. नाहीतर पिशवी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर पुरतो.

आता यातला कमी बोलला जाणारा भाग. बॉलवरचे ६० किलो मागच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) ६० राहत नाहीत. टी६चा आखूड व्हीलबेस ३ मीटरचा. बॉल मागच्या ॲक्सलपासून सुमारे मीटरभर मागे आणि सायकलींचा भार त्याच्याही अर्धा मीटर मागे. म्हणजे भार ॲक्सलच्या दीड मीटर मागे लोंबतोय. तरफेच्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलवरून ३० किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ९० किलो पडतात. सहा मीटरच्या फियाट ड्युकाटोत व्हीलबेस ४,०३५ मिलिमीटर असतो, तिथे तोच आकडा ८२च्या आसपास येतो. पलंग, पाण्याची टाकी, गॅस, स्वयंपाकाचं कपाट असं सगळं मागे असलेल्या व्हॅनमध्ये मागचा ॲक्सल आधीच काठावर असतो. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन दोन्ही ॲक्सल वेगळे तोलून घ्या. व्हॅन पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पुढचं वजन कमी होण्याचा त्रास ओल्या गवतावर कळतो. कॅम्पसाइटवरून निघताना पुढची चाकं नुसती फिरतात. त्यासाठी निघायच्या आधी पाण्याची टाकी रिकामी करणं आणि जड सामान पुढे सरकवणं एवढंच करता येतं.

दाराची गोष्ट यापेक्षा किचकट आहे. ‘कलणारा रॅक, डिकी आरामात उघडते’ हे वाक्य साध्या गाडीसाठी खरं आहे. टी६चं मागचं दार सव्वा मीटरच्या आसपास लांब आहे. ते उघडताना खालची कड आधी मागे येते आणि मग वर जाते. सायकलींच्या हँडलच्या उंचीवर ती बरीच मागे आलेली असते. रॅक कलल्यावर गाडीजवळच्या सायकलीचं हँडल आणि दाराची कड यांत चार बोटं अंतर उरलं, तेही सीट पूर्ण खाली केल्यावर आणि हँडल फ्रेमला समांतर वळवल्यावर. रॅक घेण्याआधी एकाने दार सावकाश उघडायचं आणि दुसऱ्याने टेप धरून त्याची कड टो बॉलपासून किती मागे आणि किती उंचीवर जाते ते तीन-चार जागी लिहून घ्यायचं. तो कागद दुकानात न्यायचा. काही कंपन्या एकच रॅक ६० आणि ९० अंश अशा दोन कलांमध्ये विकतात. मोठ्या दाराच्या व्हॅनला ९०वाला बघावा. दोन पानी दारांच्या ड्युकाटोसारख्या गाडीला कलणारा रॅक बहुतेक वेळा पुरत नाही, कारण पानं बाजूला फिरायला पूर्ण मोकळी जागा मागतात. तिथे बिजागरीवर आडवा फिरून बाजूला जाणारा रॅक लागतो. तो जड असतो आणि तेवढं वजन पुन्हा एसमधून जातं.

दारावरच बसणारे रॅक वेगळे. टो बार नसेल तर तोच मार्ग. पण २२ किलोची सायकल छातीपर्यंत उचलायची आणि दाराच्या गॅस दांड्यांनी रोज ते वजन पेलायचं. टो बॉलवरच्या रॅकला सायकल गुडघ्याच्या थोडी वर उचलली की झालं. पन्नाशीपुढच्या पाठींसाठी हा फरक फार मोठा आहे. रॅकला जोडायची पन्हाळीसारखी घसरगुंडीही मिळते, तिच्यावरून सायकल ढकलत चढवता येते.

बसवण्याची रीत. बॉल ५० मिलिमीटरचा असतो. झिजून ४९वर आला असेल तर तो बदलायचा, व्हर्नियरने मोजलं की कळतं. त्याआधी चिंधीवर डीग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्राव) घेऊन बॉल कोरडा ठणठणीत पुसा. रॅक बॉलला घट्ट आवळून, केवळ घर्षणावर उभा असतो. कॅरव्हॅन ओढणारे काही जण बॉलला ग्रीस लावतात, आणि ते ग्रीस राहिलं तर रॅक वळणावर हळूहळू एका बाजूला फिरतो. मागून बघताना रॅकचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा खाली दिसायला लागतो, तेव्हा कळतं. रॅकचा जबडा बॉलवर ठेवा, रॅक डोळ्यांनी आडवा समतल करा आणि मग खटका खाली दाबा. खटका शेवटच्या पाव भागात अंगाचा जोर मागेल इतका घट्ट हवा. एका बोटाने बसत असेल तर जबड्याचा ॲडजस्टिंग बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. बसल्यावर रॅकची बाहेरची कड दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. अख्खी गाडी स्प्रिंगवर हलली पाहिजे, रॅक हलता कामा नये. पहिल्या ३० मैलांवर थांबून हे पुन्हा करायचं. दर फेरीला ते करावं लागलं, आणि दोनदा खटका खरंच सैल सापडला.

बॉलबद्दल अजून एक. इंग्लंडमध्ये दोन बोल्टांनी फ्लँजला बसणारा बॉल अजून सर्रास दिसतो. काही रॅकचा जबडा त्या बोल्टांना किंवा मागच्या पत्र्याला अडतो. हंसाच्या मानेसारखा वाकलेला बॉल असेल तर प्रश्न येत नाही. ॲल्युमिनियमचा बॉल बहुतेक रॅकना चालत नाही, माहितीपुस्तकात पोलाद किंवा ओतीव लोखंड असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

सायकली चढवताना जड सायकल गाडीकडे, हलकी बाहेर, आणि दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशेला. तरी एकीचं हँडल दुसरीच्या सीटमध्ये घुसतंच. उपाय सीट वर-खाली करण्याचा. फ्रेम पकडणाऱ्या हाताच्या रबरात धूळ अडकते आणि ती पॉलिशपेपरसारखी रंग खाते. तीन महिन्यांत आतल्या सायकलीच्या फ्रेमवर नखाएवढा रंग गेला. ट्यूबचा तुकडा गुंडाळल्यावर थांबलं. कार्बनची फ्रेम असेल तर ठराविक जोरापुढे नुसती टकटक फिरणारी मूठ असलेला हातच घ्या. खाली वाकलेल्या फ्रेमच्या सायकलीला सीटखालची नळी आणि पुढची मान यांना जोडणारा आडवा दांडा लागतो, तो वेगळा विकत मिळतो. बाळाची सीट, पिशव्या, पंप, बाटली, सायकलचा स्क्रीन सगळं काढून आत. चालत्या गाडीत सायकलींवर कव्हर घालू नका. ते शिडासारखं फुगतं आणि सगळा ताण त्या एका जबड्यावर येतो.

आठ महिन्यांत सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते चाकांच्या पट्ट्यांनी. दातेरी प्लास्टिक पट्टी बकलमधून टकटक आवाज करत ओढायची असते. मार्चमध्ये रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ असतं, ते आणि चिखल मिळून बकलच्या आतल्या खटक्याखाली पीठ तयार होतं. मग खटका वर येतो पण दात सोडत नाही. गार पहाटे, बोटं बधिर, आणि सायकल निघत नाही. ओढाताण केली की पट्टीचे दोन-तीन दात झिजतात आणि ती पुढच्या वेळी ताण धरत नाही. कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. आठवड्याला एकदा हे केल्यावर उन्हाळाभर त्रास नाही. एक पट्टी तरीही बदलावी लागली. सुटा भाग मिळायला तीन आठवडे गेले. विकत घेण्याआधी पट्टी, बकल आणि दिव्याची काच सुटी मिळते का, हे विचारा आणि दोन पट्ट्या जादा घेऊन ठेवा. रुंद टायरसाठी लांब पट्ट्या वेगळ्या असतात.

दुसरी तक्रार वायरिंगची. रॅकचा प्लग १३ पिनी. जुन्या इंग्लिश टो बारवर ७ पिनी सॉकेट असतं. अडॅप्टर लावला की इंडिकेटर, ब्रेक, नंबर प्लेटचा दिवा चालतो, पण रिव्हर्सचा दिवा चालत नाही. सप्टेंबरमध्ये डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकायला लागला. बल्ब शाबूत होता, पिनांवर हिरवट थर होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिना पुसल्या, विजेच्या जोडांसाठीचं ग्रीस लावलं आणि सॉकेटच्या झाकणाची मेलेली स्प्रिंग बदलली. गाडीच्या कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये प्लग लावताच मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होतात. बाहेरून केलेल्या वायरिंगमध्ये ते सायकलींनाच भिंत समजून अखंड पीं पीं करतात. कॅमेऱ्यात स्पोक दिसतात, बाकी काही नाही.

नंबर प्लेट हा इंग्लंडमध्ये गमतीने घ्यायचा विषय नाही. मूळ पाटी झाकली तर १,००० पौंडांपर्यंत दंड. रॅकवर गाडीचाच नंबर असलेली पिवळी, बीएस एयू १४५ई (ब्रिटिश मानक) छाप असलेली पाटी हवी, आणि रात्री तिच्यावर उजेड हवा. मार्करने पुठ्ठ्यावर लिहिलेली चालत नाही. पाटी करून देणारा दुकानदार गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र मागतो. युरोपात उतरणार असाल तर ‘यूके’ हे चिन्ह मागे दिसायला हवं. २०२१च्या सप्टेंबरपासून ‘जीबी’ चालत नाही. दारावरचं चिन्ह सायकलींमागे जात असेल तर रॅकच्या पाटीवरच घ्या. जर्मनीतल्या मंडळींचं सोपं आहे, तिथे रॅकच्या जादा पाटीवर सरकारी शिक्का लागत नाही.

बोटीचं तिकीट काढताना रॅकसकट लांबी लिहा. ४.९ मीटरची गाडी साडेपाचच्या पुढे जाते आणि दराचा पुढचा टप्पा लागू शकतो. बंदरावर मोजणारे असतात. डिझेलचा खर्च मात्र सांगण्यासारखा वाढला नाही, कारण सायकली व्हॅनच्या पाठीच्या आडोशाला असतात. रॅकच्या माहितीपुस्तकात कमाल वेग ताशी १३० किलोमीटर दिला आहे. ब्रिटनच्या ७० मैलांच्या मर्यादेत तो प्रश्न येतच नाही, पण रस्त्यावरच्या उंचवट्यांवर वेग उतरवाच, तिथे मागचं टोक सर्वांत जास्त उसळतं.

कुलपांबद्दल फार अपेक्षा नको. जबड्याचं आणि फ्रेमच्या हातांचं कुलूप पेट्रोल भरून येईपर्यंत ठीक. रात्री जाड साखळी दोन्ही सायकलींतून आणि टो बारच्या आडव्या दांड्यातून घालायची. सायकली उतरवल्यावर घडी केलेला रॅक व्हॅनखाली मावतो, तोही त्याच साखळीत.

वापरलेला रॅक घेत असाल तर जबड्याच्या आतले टेकू झिजून चकचकीत झालेत का ते बघा. तुमच्याच बॉलवर बसवून हलवून बघा आणि सगळे दिवे लावून बघा. कलवायचं पेडल दाबून सोडल्यावर खटका पूर्ण आत जातो का, त्याच्या फटीत चिखल घट्ट बसलाय का, तेही तपासा. किल्ल्या दोन्ही मागा. एकच मिळाली तर तिच्यावर कोरलेला नंबर लगेच टिपून ठेवा, त्याच नंबरवर दुसरी मागवता येते.