नंबरचा सेफ्टी चष्मा: थ्रेशरपासून एअर पिस्तूलपर्यंत

सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरपाशी उभं राहायचं असो की एअर पिस्तूलचा सराव, रोजचा नंबरचा चष्मा तिथं पुरत नाही. काच फुटली की तिचेच तुकडे डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेटच घ्या, म्हणजे मार सोसणारं प्लॅस्टिक, बाजूच्या पट्ट्यांसह. अमेरिकी सुरक्षा मानकाची खूण तपासा: फ्रेमवर ‘झेड ८७-२’, लेन्सवर ‘झेड ८७+’. चांगली लेन्स जुन्या साध्या फ्रेमीत बसवली, तर मार लागताच ती आत निसटते.

पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, आणि नंबर मोठा असला की कडेला रंगीत झालर दिसते. अशांनी ट्रायव्हेक्स हे तसंच मजबूत प्लॅस्टिक घ्यावं. महाग आहे, पण नजर स्वच्छ राहते. कोरड्या दुपट्ट्यानं पुसू नका, धूळच लेन्स घासते. आधी पाण्यानं धुवा. थिनर तर जवळही नको. मे महिन्यात चष्मा ट्रॅक्टरवर उन्हात राहिला, तर कोटिंगला तडे जातात.

पिस्तूलवाल्यांनी नंबर काढतानाच सांगावं की फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, स्पष्ट दिसायला हवी. दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ वाढवावे लागतात.

फवारणीला मात्र हा चष्मा नाही चालत. औषधाचे थेंब फटीतून आत जातात. त्यावर चढणारा, चहूबाजूंनी बंद गॉगल वेगळा घ्यावाच.